शुक्रवारी धूर नसतो

माझी नवीकोरी स्कूटर नूरुद्दीनशेठच्या कारखान्यात शिरली, तेव्हा मी तिच्यावर बसलेलो होतो. पण मी ती शिरवली असं कुणी म्हणू लागलं तर ते मला मान्य नाही. सहा वर्षं नंबर लावून मिळालेली स्कूटर, शिकण्याचा जेमतेम तिसरा दिवस आणि समोरून ताग्यांनी खच्चून भरलेली हातगाडी. ब्रेक समजून मी जे काही पिळलं, ते ब्रेक नव्हतं. उंबरा ओलांडून, दारातला गोणपाटाचा पडदा अंगावर घेऊन मी आणि स्कूटर लूमच्या दोन रांगांमधल्या बोळातून सरळ आत गेलो आणि कोऱ्या कापडाच्या ढिगात नाक खुपसून थांबलो. चोवीस लूम चालूच होते. कामगारांनी एकदा माना वळवून पाहिलं आणि पुन्हा आपापल्या धाग्यांकडे लक्ष दिलं. भिवंडीत कारखान्यात काहीही शिरू शकतं, अशी त्यांची समजूत असावी.

ढिगापलीकडून एक उंच, किडकिडीत, काळ्यापांढऱ्या दाढीचे गृहस्थ आले. त्यांनी आधी स्कूटरचं इंजिन बंद केलं. मग दारापासून ढिगापर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजलं. लूमच्या खडखडाटात ऐकू यावं म्हणून माझ्या कानाशी तोंड आणून ते ओरडले, "स्पीड बराबर होती, पंत. उतरायची जागा चुकली. आन् नाक वर घ्यायचं, नाक!"

ते मला ओळखत होते याचं नवल नव्हतं. नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या खिडकीमागे मी बसायचो आणि भिवंडीतल्या प्रत्येकाला कधी ना कधी त्या खिडकीशी यावं लागतं. नवल त्या नाकाचं वाटलं. आधी मला ती चेष्टा वाटली. संध्याकाळी आमच्या गल्लीत चौकशी केली तेव्हा कळलं, की नूरुद्दीनशेठ अगदी मनापासून बोलले होते. हा चाळिशी उलटलेला लूमवाला दर सोमवारी आणि बुधवारी कारखाना लूम सांभाळणाऱ्या राघो जॉबरच्या हवाली करून जुहूला जायचा आणि विमान चालवायला शिकायचा.

ही पंचाऐंशी सालची गोष्ट. त्या काळी आमच्याकडे विमानात बसलेली माणसं होती. सौदीला जाऊन आलेली, हजला जाऊन आलेली, आणि बसलो म्हणून नुसतंच सांगणारी. पण विमान चालवणारा म्हणजे अजब प्रकार. त्यांच्या बायकोनं, माजिदाभाभींनी, एकदा माझ्या बायकोजवळ गाऱ्हाणं घातलं होतं, "सुमतीताय, लोकांचे नवरे संध्याकाळी नाक्यावर जाऊन उभे ऱ्हातात. आमचे ढगात जातात. नाक्यावर मानूस धाडून बोलवता तरी येतं."

हे वेड आलं कुठून, याचं उत्तर गच्चीवर बसलेलं असायचं. हबीबाआपा. नूरुद्दीनशेठची आई ते तीन वर्षांचे असताना गेली. आपा त्यांच्याहून सोळा वर्षांनी मोठ्या, लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन माहेरी परतलेल्या. त्यांनी या भावाला वाढवलं. ते युद्धाचे दिवस होते. कल्याणकडच्या धावपट्टीवर लष्करी विमानं उतरायची आणि जाता-येता भिवंडीवरून घरघरत जायची. बाकीच्या घरांत पोरांना भरवताना चिऊकाऊ दाखवत. आपा विमान दाखवायच्या. "त्ये बघ, आलं, आलं, आ कर!" पोराच्या पोटात भात आणि विमान असं बरोबरच गेलं. भात पचला.

पुढे शाळा सुटली, वडिलांचा कारखाना गळ्यात पडला, लग्न झालं, मुलं झाली. पोटातलं विमान मात्र तिथंच राहिलं. बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी आपांना सांगितलं, "आपा, मी शिकतोय." आपा म्हणाल्या, "शीक. पर जेवून जात जा."

जुहूला त्यांना शिकवणारे कॅप्टन केसरीनाथ हे शिस्तीचे गृहस्थ. पहिल्याच दिवशी त्यांनी आपल्या नव्या विद्यार्थ्याला विमानाजवळ नेलं. दोन खुर्च्यांचं, पुष्पक नावाचं इवलंसं विमान. नूरुद्दीनशेठनी इंजिनकडे पाहिलं नाही, पंख्याकडे पाहिलं नाही. ते पंखापाशी गेले, त्यावरून उलटा हात फिरवला, बोटानं टिचकी मारली, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "कापड हाय!" पंख खरोखरच कापडाचे होते, वर रंग-रोगण चढवलेले. "गच्च विणलंय. कुठल्या मिलचं हो?" वीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, असं कॅप्टननी नंतर सांगितलं. शेठना मात्र त्या दिवसापासून विमानाची भीती अशी वाटलीच नाही. कापडाला भिवंडीचा माणूस कशाला घाबरेल?

जुहूहून उडालं की समुद्राच्या कडेकडेनं उत्तरेला वसईपर्यंत जायचं आणि तिथल्या आकाशात वळायचं, चढायचं, उतरायचं शिकायचं, असा नेम होता. सांताक्रूझचा मोठा विमानतळ अगदी शेजारी. त्याच्या आकाशात परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही, हा पहिला धडा. नूरुद्दीनशेठ तो धडा नमाजाइतका पाळायचे. पण वसईवर पोचले की त्यांची मान आपोआप पूर्वेला वळायची. दूर, डोंगरांच्या अलीकडे, राखाडी धुराचे खांब उभे असायचे. त्या आमच्या सायझिंगच्या चिमण्या. लूमवर चढवण्याआधी सुताला खळ लावतात, त्या कारखान्यांचे बॉयलर दिवसभर लाकडं जाळत असतात. खालून त्या धुरानं आमचे डोळे चुरचुरतात आणि आम्ही नगरपालिकेला शिव्या घालतो. वरून मात्र तो धूर म्हणजे पत्ता होता. दोनदा कॅप्टन त्यांना त्या धुरापर्यंत घेऊनही गेले. खाडीवरून सरळ जायचं, धूर आला की भिवंडी आली. "घर वळखीचं दिसलं पंत," ते मला म्हणाले होते. "चूल पेटलेली लांबून दिसावी तसं."

शहाऐंशीच्या नोव्हेंबरात त्यांना लायसन्स मिळालं. गल्लीत पेढे वाटले. राघो जॉबरनं लूमला हार घातला; विमान हाताशी नव्हतं म्हणून. सगळ्यात शेवटी पेढा घेऊन ते आपांकडे गेले.

आपांना तोवर दिसायचं बंद झालं होतं. काचबिंदूनं वर्षभरात दोन्ही डोळे नेले होते. त्यांनी पेढा चाचपून तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "माला तं काय दिसनार न्हाय, नूरू. आवाज तरी ऐकव."

एवढंच त्यांचं मागणं. पण भिवंडीत हे सोपं नाही. आमच्या गावात दोन माणसं बोलतात ती एकमेकांच्या ओठांकडे बघून. हजारो लूम रात्रंदिवस खटखटत असतात. मी एकदा पुण्याला मेव्हणीकडे गेलो तर शांततेनं मला झोप लागली नव्हती. या खडखडाटात पुष्पकचा तो शिलाई मशीनसारखा आवाज आपांच्या कानापर्यंत पोचायचा कसा?

याला एकच उपाय होता. शुक्रवार. शुक्रवारी भिवंडीचे लूम बंद असतात. त्या दिवशी वीजही नसते आणि जुम्म्याचा नमाजही असतो. त्या एका दिवशी गावात कावळ्याचा आवाज ऐकू येतो, नळाचं पाणी ऐकू येतं आणि लोक आपापल्या बायकोचा आवाज ऐकून दचकतात. नूरुद्दीनशेठनी ठरवलं, डिसेंबरातल्या पहिल्या शुक्रवारी, नमाजाच्या आधी, अकरा वाजता यायचं. घरावरून दोन फेऱ्या घालायच्या, जमेल तेवढं खालून. वरून घर ओळखू यावं म्हणून माजिदाभाभींनी गच्चीवर लाल रजई पसरायची. रीतसर परवानगी काढली. वसईपर्यंत किनाऱ्यानं, तिथून खाडीवरून भिवंडी, आणि आल्या वाटेनं परत.

"लेकराला भूक लागंल तिथं," आपा आदल्या दिवशी म्हणत होत्या. लेकरू चव्वेचाळीस वर्षांचं होतं.

त्या शुक्रवारी आमच्या आळीच्या गच्च्यांवर ईदच्या चांदालाही येत नाहीत एवढी माणसं आली. मी आणि सुमती शेठच्याच गच्चीवर होतो. जवळच्या कोन गावाहून राघो जॉबर सुट्टी असूनही बायको काशीला घेऊन आला होता. लाल रजई मधोमध पसरलेली, चारी कोपऱ्यांवर विटा. आपांना खुर्चीसकट वर आणलं होतं. त्यांनी धुतलेली पांढरी ओढणी घेतली होती आणि दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते, जणू विमानात त्याच बसल्या होत्या.

अकरा वाजले. सव्वा अकरा झाले. घारी आल्या आणि गेल्या. प्रत्येक घारीला कुणीतरी "आलं!" म्हणून ओरडायचं आणि आपांचा चेहरा वर व्हायचा. काशी राघोला म्हणाली, "तुमचा शेट वाट चुकला का काय?" राघो म्हणाला, "गप. वर वाट नसतेच." साडेअकराला मी घड्याळ बघणं सोडलं. आपांकडे मात्र बघवत नव्हतं. त्या काही विचारतही नव्हत्या. नुसत्या ऐकत होत्या.

आणि मग आवाज आला. आधी लांबून, कल्याणच्या बाजूनं, मग वाढत वाढत डोक्यावर. मुकाट पडलेल्या त्या गावावर असा काही गडगडला, की शेजारच्या पत्र्यांना कंप सुटला. आम्ही वर पाहिलं. भलंमोठं प्रवासी विमान, चार इंजिनांचं, चाकं बाहेर काढलेलं, इतक्या खालून जाताना भिवंडीत कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"आला!" आपा म्हणाल्या. "आला रं माजा नूरू!"

राघोनं तोंड उघडलं. "आपा, त्ये तं मोठं—"

मी त्याच्या पायावर पाय दिला. माझा पाय मुद्दाम योग्य जागी पडल्याचा आयुष्यातला तो एकच प्रसंग. माजिदाभाभींनी एकवार आकाशाकडे पाहिलं, एकवार नणंदेकडे, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हां आपा. आले."

विमान कल्याणकडे वळलं, वळसा घेऊन परत आलं. पुन्हा गेलं, पुन्हा आलं. आपा बोटांवर मोजत होत्या, आणि त्यांचा चेहरा विमान असेल त्याच्या भलत्याच बाजूला वर केलेला होता. "दोन म्हनला व्हता," त्या हसून म्हणाल्या, "चार घातल्यान्."

त्या वेळी नूरुद्दीनशेठ कुठं होते, ते त्यांनी मला पुढे इतक्या वेळा सांगितलं की आता मीच तिथं होतो असं वाटतं.

वसईपर्यंत सगळं चोख झालं होतं. तिथून त्यांनी विमान पूर्वेला वळवलं आणि नेहमीप्रमाणे धूर शोधायला मान उंच केली. धूर नव्हता. थंडीचे दिवस, खाडीवर पांढरट झाक. असेल थोडा पुढे, म्हणून ते पुढे गेले. डावीकडे, उजवीकडे तपकिरी सपाटी, पत्र्याची छपरं, शेतं. त्यांत भिवंडी कुठली आणि शेजारचं राहनाळ कुठलं, वरून काही कळेना. ज्या गावात चव्वेचाळीस वर्षं काढली ते गाव धुराशिवाय त्यांना ओळखू येईना. घड्याळात अकरा वाजून गेले. आता आपा वर आल्या असतील. कशेळीपाशी खाडीला दोन फाटे फुटतात. एक कल्याणला जातो, दुसरा अरुंद होऊन ठाण्याच्या कडेनं दक्षिणेला उतरतो. नेमकं तिथं पोचल्यावर त्यांना उजव्या हाताला, लांबवर, दाट राखाडी धूर दिसला. सरळ वर चढलेला.

समोर कंपास होता. तो साफ सांगत होता की तुम्ही दक्षिणेला वळताय. पण घराकडे निघालेला माणूस कंपास बघत नाही.

"आपा, आलो," ते मोठ्यानं म्हणाले आणि धुराच्या दिशेनं निघाले.

खाली खाडी सोबतीला होती म्हणून तर त्यांची खात्री पटली. ती खाडी हळूहळू रुंद होत चालली. भरती आली असेल, असं त्यांनी मनाला सांगितलं. मिठागरं दिसू लागली. एवढी मिठागरं आपल्याकडे कधी झाली? चिमण्या जवळ आल्या, पण फारच उंच दिसत होत्या. सायझिंगवाल्यांनी वाढवल्या असतील. भिवंडीत बांधकामाचं काही सांगता येत नाही. मान खाली घालून ते लाल रजई शोधत राहिले. मग खाली एक जहाज दिसलं.

जहाजाचं मात्र काही स्पष्टीकरण जमेना.

त्याच वेळी कानातल्या रेडिओवर कुणीतरी इंग्रजीत कडाडलं, तुम्ही कोण, कुठं आहात?

"भिवंडीवर," शेठ म्हणाले.

"खाली काय दिसतंय?"

"चिमण्या." मग प्रामाणिकपणे, "आणि थोडा समुद्र."

पलीकडचा माणूस इंग्रजी सोडून हिंदीत आला. "भिवंडी में समुंदर कब से आया, भाईसाब?"

ते तुर्भे-चेंबूरवर होते. सांताक्रूझला उतरणाऱ्या विमानांच्या ऐन वाटेत. समोरून दिल्लीचं विमान उतरायला येत होतं. शेठना ते दिसलं, दिवे लावलेलं, रुंद. त्यांचा अख्खा कारखाना त्याच्या पोटात मावला असता. दिसलं, आणि दुसऱ्या क्षणी नाक वर करून ते उजवीकडे निघून गेलं. मागून आलेल्या हवेच्या लोटात कापडाचे पंख फडफडले. "पहिल्यांदाच कापडाची भीती वाटली," ते म्हणायचे.

रेडिओवरच्या माणसानं मग आवाज उतरवला आणि लहान पोराचं बोट धरावं तसं, आता इकडे, आता तिकडे करत त्यांना जुहूला पोचवलं. शेठना ते विमान तिथं उतरवताना नाक वर घ्यायचं आठवलं की नाही, हे विचारायचा धीर मला कधी झाला नाही.

खाली जीप उभी होती. एका खोलीत टेबलापलीकडच्या अधिकाऱ्यानं जबाब लिहून घ्यायला सुरुवात केली. तिकडे कसे गेलात? धूर बघून. विमान धूर बघून चालवता? नाही साहेब, फक्त घरी जाताना. मग तुमच्या भिवंडीत आज धूर नव्हता का?

नूरुद्दीनशेठ उत्तर द्यायला गेले आणि त्यांचा हात खिशातल्या किल्लीवर गेला. शुक्रवार! लूम बंद, म्हणजे सायझिंग बंद, म्हणजे बॉयलर थंड. सोमवार-बुधवारी शिकलेल्या या माणसानं सुट्टीच्या दिवशीची भिवंडी वरून कधी पाहिलीच नव्हती. "सकाळी कारखान्याला कुलूप मी लावलं, पंत! या हातानं! खिशात किल्ली होती!" शांतता हवी म्हणून शुक्रवार निवडला आणि शुक्रवारनं शांततेबरोबर पत्ताही नेला.

अधिकारी म्हणाले, तुमच्यामुळे दिल्लीचं विमान दोनशे माणसं घेऊन कल्याण-भिवंडीवर चार फेऱ्या मारत होतं. लायसन्स सहा महिने बंद.

संध्याकाळी ते रस्त्यानं घरी आले. कशेळीच्या पुलावर तासभर ट्रकांच्या मागे अडकून. आपांना काय सांगायचं ते त्यांनी त्या तासाभरात नीट जुळवलं होतं. पण जिन्यातच माजिदाभाभींनी त्यांना अडवलं आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं. मी तिथंच होतो. शेठ भिंतीला टेकले. चार फेऱ्या, हे त्यांच्या डोक्यात फिरताना मला दिसत होतं.

आपांनी त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला, चाचपला, कपाळावरून बोटं फिरवून स्वतःच्या कानशिलावर मोडली. "केवढा आवाज रं! भिंतीची माती पडली. दोन म्हनालास आन् चार घातल्यास. पेट्रोल का फुकट मिलतं?"

"आपा, ते..." शेठ म्हणाले.

"काय ते?"

खोलीत आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. माजिदाभाभी मान हलवून नको-नको म्हणत होत्या.

"वारं लई होतं," ते म्हणाले आणि जेवायला बसले. जेवले नाहीत.

विमान खात्याला द्यायचा खुलासा आम्ही दोघांनी मिळून लिहिला. नगरपालिकेत आयुष्य गेल्यामुळे कुठलीही गोष्ट कुणाचाच दोष नाही अशा भाषेत लिहिण्याचा मला सराव आहे. "साप्ताहिक सुट्टीमुळे धुराच्या अनुपलब्धतेच्या कारणास्तव" अशी सुरुवात मी केली. शेठनी ती खोडली. "लिव्हा, माझी चूक. आन् लिव्हा, परत एक चानस द्या." दुसरं वाक्य त्यांनी माझ्याकडून तीनदा बदलून घेतलं.

मला वाटलं होतं, आपा खूश आहेत, आता हे प्रकरण निवेल. उलटं झालं. आपा आल्यागेल्याला ती गोष्ट सांगू लागल्या. बाया यायच्या, आपा वर्णन करायच्या. कसा आवाज कल्याणकडून आला, कसा डोक्यावरून गेला, पत्रे कसे थरथरले. दर वेळी त्यात थोडी भर पडायची. आणि दर वेळी नूरुद्दीनशेठ चपला घालून घराबाहेर पडायचे आणि माझ्याकडे येऊन बसायचे. चहा घ्यायचे नाहीत. सूतवाल्याच्या कॅलेंडरवर त्यांनी जूनपर्यंतचे शुक्रवार मोजून ठेवले होते. "सहा म्हैने, पंत. जूनला लायसन्स हातात. पावसाचं उघडलं की शुक्रवारीच येतो. या वेळेला कंपास बघून. आन् अगदी खालून, म्हंजे तिला कळंल, ह्यो आवाज वेगळा हाय. बारीक हाय. आपला हाय." बोलता बोलता ते पुष्पकचा आवाज तोंडानं काढून दाखवायचे. दाढीवाला पोक्त माणूस माझ्या ओसरीवर बसून गळ्यातून घुर्र करायचा, आणि आतून सुमती विचारायची, "कोण घोरतंय हो?"

आपा मे महिन्यात गेल्या. रमजान चालू होता. झोपेतच गेल्या. आदल्या दिवशी इफ्तारीला आलेल्या बायांना त्यांनी चार फेऱ्या सांगितल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी नूरुद्दीनशेठ माझ्या खिडकीशी आले. मी मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म पुढे सरकवला. "मयताशी नातं" या रकान्यापुढे त्यांचं पेन थांबलं. भाऊ लिहिलं, खोडलं, मुलगा लिहिलं. फॉर्मवर खाडाखोड चालत नाही. मी चालवून घेतली.

जूनमध्ये लायसन्स परत मिळवायला ते गेले. डॉक्टरांच्या तपासणीत साखर निघाली. त्या काळी साखर असलेल्या माणसाला विमान देत नसत. एका वर्षानं पुन्हा गेले, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. भात सोडला, बिनसाखरेचा चहा धरला, सकाळी कोनपर्यंत चालत जाऊन यायला लागले. साखर काही हटेना. कॅप्टन केसरीनाथनी एकदा त्यांना प्रवासी म्हणून शेजारी बसवून फिरवून आणायची तयारी दाखवली. ते नको म्हणाले. "शेजारी बसून काय? मी आलो असं कसं व्हनार?"

मग वर्षं गेली. नव्वदीनंतर लूमचे दिवस पडते आले. शेठनी आधी आठ लूम भंगारात काढले, मग बारा, मग उरलेले. राघो जॉबर राहनाळला गोदामावर ड्युटीला लागला. कारखान्याची जागा शेठनी कुणाला दिली नाही, नुसतीच बंद ठेवली. आमची अख्खी आळीच हळूहळू बंद पडत गेली. एके काळी शुक्रवारी असायची ती शांतता आता सोमवारी असते, मंगळवारी असते. आकाशातून जाणारं प्रत्येक विमान ऐकू येतं. नूरुद्दीनशेठ दुपारी गच्चीवर खुर्ची टाकून बसतात. मान वर करायचीही गरज नसते, नुसत्या आवाजावरून कुठलं विमान, कुठून आलं ते सांगतात. एखादं लहान, बारीक आवाजाचं गेलं की बोलणं थांबवतात आणि ते दिसेनासं होईपर्यंत, मग ऐकू येईनासं होईपर्यंत तसेच बसतात. चहा निवतो. भाभी दुसरा करून आणतात.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात एका मंगळवारी मी त्यांच्याजवळ बसलो होतो. मी रिटायर झालो होतो आणि रिटायर माणसाला लोकांचं समाधान करायची फार हौस असते. वरून एक मोठं विमान गडगडत गेलं. शेठ त्याच्याकडे बघत राहिले. दहा वर्षांत एवढ्या वेळा त्यांना असं बघताना पाहून मला राहवलं नाही.

"शेठ," मी म्हटलं, "किती दिवस जिवाला लावून घ्याल? तुमची चूक झाली, मान्य. पण आपांनी ऐकलं ना? चार फेऱ्या मोजल्या त्यांनी. जाईपर्यंत तेच सांगत होत्या. एवढ्या समाधानानं कोण जातं? त्यांना हवं होतं ते मिळालं की."

त्यांनी विमानावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

"ते विमान माझं न्हवतं, पंत."